भोकं किती पाडायची?

मराठी मध्यमवर्गीय माणूस दर भाद्रपदात इलेक्ट्रिशियन होतो. मखराला लावलेली दिव्यांची माळ एकदाची पेटली, की आपल्याला विजेतलं कळतं अशी त्याची वर्षभर पुरणारी समजूत होते. त्याच भरात मी घरी व्हिडिओ गेमचं कपाट करायला घेतलं. पूर्वी पार्लरमध्ये असायचं तसं : वर पडदा, खाली फळी, फळीवर दांडी आणि बटणं. आतल्या यंत्राची चिंता नव्हती. १९९७ साली ‘मेम’ नावाचा प्रोग्रॅम निघाला, तेव्हापासून ते जुने खेळ साध्या कॉम्प्युटरवर चालतात. उरली काय ती फळी!

मिस्त्रीने फळी कापली, हातात ड्रिल घेतलं आणि विचारलं, “साहेब, भोकं किती पाडायची?”

आयुष्यात काही गोष्टी मागे घेता येत नाहीत. प्लायवूडला पाडलेलं भोक ही त्यांतली एक. “उद्या सांगतो,” म्हणालो आणि अभ्यासाला बसलो.

प्रत्येक खेळाचा संसार निराळा. १९८० च्या पॅकमॅनला एक दांडी. खेळ सुरू करण्यापुरतं सोडलं तर बटण एकही नाही. १९७९ च्या ॲस्टेरॉइड्सला नुसती पाच बटणं, दांडीच नाही. मिसाइल कमांडला तळहाताने गरगर फिरवायचा चेंडू. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टूला सहा बटणं : तीन गुद्द्यांची, तीन लाथांची. सगळ्यांची सोय एका फळीवर करायची म्हणजे दोन खोल्यांत लग्नाचं वऱ्हाड उतरवायचं!

बरं, दांडी तरी एक? पॅकमॅनची दांडी चारच दिशा जाणते, स्ट्रीट फायटरची आठ. आठ दिशांची पॅकमॅनला लावली, तर ती ऐन वळणावर तिरकी जाते आणि पॅकमॅन वळायचं सोडून सरळ भुताच्या मिठीत शिरतो. पर्याय वाढले की निर्णय चुकतात, हे मी समित्यांबद्दल ऐकलं होतं. दांडीबद्दल प्रथमच कळलं. शिवाय जपानी दांडीच्या टोकाला गोळा, तर अमेरिकन दांडी वर फुगीर. जपानी बटणाला ३० मिलिमीटरचं भोक, अमेरिकन बटणाला दीडेक मिलिमीटर कमी.

“लहान पाडू, लागलं तर कानस मारू,” मिस्त्री म्हणाला. एवढं शहाणपण मला दोन रात्री जागून सुचलं नव्हतं.

मग बोर्ड. बटण हा मुका प्राणी. तो दाबला गेलाय हे कॉम्प्युटरला सांगायला मध्ये कुणीतरी लागतं. एक मित्र म्हणाला, “जुना की-बोर्ड फोड, त्यातल्या बोर्डाला तारा जोड.” स्वस्तातला उपाय. पण साध्या की-बोर्डात तारा आडव्या-उभ्या विणलेल्या असतात. चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, की चौथाही दाबल्याचा भास होतो. म्हणजे गुद्दा मी मारायचा आणि लाथ समोरच्याने न मारताच बसायची! दुसरा बोर्ड ‘झीरो डिले’. नावातला शून्य विलंब फाइलीवरच्या ‘तातडीचे’ या शिक्क्याइतकाच खरा. तो एकाच खेळाडूपुरता. दोघांना दोन घ्यावेत, तर ते पडले जुळे. कॉम्प्युटर सुरू करताना कधीकधी त्यांची अदलाबदल होते. तिसरा ‘आय-पॅक’ : प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार, दोघांची सोय एकातच. पण महाग.

म्हणजे सगळं एका प्रश्नावर आलं : खेळणार किती जण? मुलगा बंगळूरला. मित्रांपैकी एकाला गुडघा आहे, दुसऱ्याला मणका आणि तिसऱ्याला नातू.

“एकाचंच करू,” मी मिस्त्रीला म्हणालो.

“आणि मी काय शेजारी उभी राहून टाळ्या वाजवू?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अगं, तुला कुठे येतं?”

“कसं येणार? कॉलेजात असताना आमच्या नाक्यावर होतं की पार्लर. पण आत सगळी मुलं. आम्ही मुली बाहेरून आवाज ऐकत पुढे जायचो. तुम्ही मात्र आत असायचात!”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. हिने पदराला हात पुसले, दोन्ही दांड्या धरून पाहिल्या आणि गोळ्याची निवडली. “ही पळीसारखी धरता येते. आणि मला ते पिवळं तोंडवालं हवं.”

जे मला दोन आठवडे जमलं नाही, ते दोन मिनिटांत ठरलं. मधोमध चार दिशांची एक दांडी, दोन बाजूंना आठ दिशांच्या दोन, प्रत्येकीला सहा बटणं. सुरू करायची दोन आणि नाणं टाकल्याचं समाधान देणारं एक. एकूण भोकं अठरा. बोर्ड महागातला. सगळ्या बटणांची एक तार सामाईक असते. ती एकातून दुसऱ्यात अशी माळेसारखी फिरते. मध्येच सुटली की पुढची सगळी गप्प! इथे माझा भाद्रपदातला अनुभव कामी आला.

आता रोज संध्याकाळी आम्ही पॅकमॅन खेळतो. नियम असा, की एकाचा जीव गेला की दुसऱ्याची पाळी. हिचा जीव लवकर जात नाही. मी शेजारी उभा राहून टाळ्या वाजवतो.