वैनगंगा ओलांडून विमानाला

आम्ही गडचिरोलीकडची माणसे विमान धरतो ते नागपूरला. आरमोरीपुढे वैनगंगेचा पूल, मग ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड. तेव्हा कुठे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ येते. आलापल्लीच्या सागवनातून निघणाऱ्याचा तर अख्खा दिवस जातो. अशा वेळी विमानातून बॅग आलीच नाही, तर चौकशीसाठी पुन्हा खेप परवडत नाही, मजुरी बुडते.

म्हणून बॅग दिसली नाही, तर बाहेर पाऊल टाकू नये. कंपनीच्या काउंटरवर ‘पी.आय.आर.’ ही लेखी नोंद करून प्रत घ्यावी. बोर्डिंग पास आणि बॅगेची चिठ्ठी जपावी. सामान मोडले असेल तर ७ दिवसांत, बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत कंपनीला लेखी कळवावे. देशातल्या प्रवासात भरपाईची मर्यादा २०,००० रुपये आहे. खरेदीच्या पावत्या जोडाव्यात.

कंपनीने दाद दिली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते. वकील लागतोच असे नाही. मुदत दोन वर्षांची. घामाच्या पैशाने भरलेली बॅग ‘जाऊ द्या’ म्हणून सोडू नका.