बदल्यांची यादी आणि परीलोक

चाकरमान्या माणसाला भविष्यकथनाचा नाद लागतो तो ज्योतिष्यांमुळे नव्हे, बदल्यांच्या यादीमुळे. मार्च महिना उजाडला की कचेरीत कुजबूज सुरू होते. कोणाची तीन वर्षे पुरी झाली, कोणाची मुलगी दहावीत आहे, कोणता साहेब कोणाच्या ओळखीचा, एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर आम्ही मंडळी जे इमले उभारतो ते पाहून कादंबरीकारांनी लाजावे. २०२१ सालच्या मार्चमध्ये आम्ही तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे होतो आणि आमचा इमला असा होता की, साथीचे दिवस लक्षात घेता या वर्षी कोणी आम्हांला हलवणार नाही.

त्याच सुमारास आमच्या घरात दुसरेही एक भविष्यकथन चालू होते. ते मुलांचे होते, आणि आमच्यापेक्षा पुष्कळच सरस होते.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ आहे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही, आणि शेवटी कोणी जिंकत नाही वा हरत नाही. एकाने गोष्ट सांगायची. आम्ही त्याला सूत्रधार म्हणू लागलो आणि पुढे मुलांनीही तोच शब्द उचलला. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे. सूत्रधार म्हणतो, समोर दार आहे आणि आत कोणीतरी घोरत आहे. मग ज्याने त्याने आपण काय करतो ते सांगायचे. मनातले साधेल की फसेल अशी शंका आली तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आमचा पुण्याचा पुतण्या सूत्रधार. नागपूरचा भाचा, बडोद्याची भाची आणि पापनाशमहून आमची चौदा वर्षांची कन्या ही पात्रे. टाळेबंदीपासून दर रविवारी दुपारी फोनवरून हा डाव मांडला जाई.

प्रारंभी आम्ही नाके मुरडली. शाळाही फोनवर आणि खेळही फोनवर, ही तक्रार आमच्या तोंडी ठरलेली. पण एका रविवारी वामकुक्षी चुकली आणि पलीकडच्या खोलीतले बोलणे कानांवर पडले. कन्या एका धर्मशाळेच्या मालकाशी घासाघीस करीत होती. आधी आर्जव, मग थाप, मग धमकी; आणि हे सारे मराठीत! शाळेत तिचे व्यवहार इंग्रजीत आणि मैत्रिणींशी तमिळमध्ये चालत. घरातली मराठी आमच्याही नकळत जेव, झोप, अभ्यास कर, एवढ्यावर येऊन ठेपली होती. त्या दुपारी ती धावत स्वयंपाकघरात आली आणि आईला विचारू लागली, "आई, राग आलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा विनवायचं, त्याला काय म्हणतात?" "मनधरणी," सौभाग्यवती म्हणाल्या. ती तो शब्द घेऊन तशीच धावत परत गेली. त्या दिवसानंतर आम्ही तक्रार केली नाही.

मार्चमध्ये त्या खेळाच्या प्रकाशकांनी एक चाचणीपत्रक काढले. परीलोकातील चार जातींची पात्रे त्यात नमुन्यादाखल दिली होती: परी, ससेमंडळी, घुबडमंडळी, आणि हॉबगॉब्लिन म्हणून एक जात, जिला मराठी नाव देण्याचे आमचे सारे प्रयत्न फसले. पत्रकात नव्या पुस्तकाचा शब्दही नव्हता. पण मुलांना तेवढे पुरे झाले. चाचणी परीलोकाची, तेव्हा येणारे साहस परीलोकाचेच! या खेळातला परीलोक म्हणजे आपल्याच जगाचे प्रतिबिंब. मात्र तिथले सारे रंग अधिक गडद, आणि काळाचे माप निराळे. पुतण्याचा कयास होता की खलस्थानी चेटकिणी असतील. भाच्याने आपली सारी पत घुबडांवर लावली. कन्येला ससा व्हायचे होते, कारण सशाला पळता येते.

आम्हीही न राहवून आपली भर घातली. परी हा शब्दच मुळी फारसीतून आलेला. आपल्या घरच्या पऱ्या म्हणजे पाण्याकाठच्या साती आसरा. त्या सात, आणि इकडे तमिळ मुलखात तळ्याकाठी पूजल्या जाणाऱ्या कन्निमार, त्याही सातच. तेव्हा पुस्तकात सात बहिणी असणार, असे आम्ही सांगून टाकले. पुतण्या मर्यादेने म्हणाला, "काका, पुस्तक तिकडचं आहे. त्यात आपल्या आसरा कुठून येणार?" कन्या म्हणाली, "नसतील तर आपण घालू." पुस्तक अजून छापून यायचे होते आणि ही पोरे त्यात भर घालून मोकळी झाली होती.

आम्हांला त्या वेळी सरफोजी राजांचे स्मरण झाले. कुरवंजी हा इकडचा एक नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरवंजी येते, नायिकेचा हात पाहते आणि पुढचे सांगते. दुसऱ्या सरफोजींनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली ती मराठीत; आणि तिच्यातली ही भविष्यवादिनी इंद्राणीला चक्क पृथ्वीचा भूगोल सांगते. अज्ञात प्रदेशांची बातमी बसल्या जागी, मराठीतून, याच जिल्ह्यात एकदा सांगून झाली होती. आमची पोरे तिच्याच वंशातली म्हणायची. आमची कचेरी मात्र नव्हे. कचेरीतल्या भविष्यात कुतूहल नसते, नुसती भीती असते.

जून महिन्यात दोन्ही याद्या लागल्या. पुस्तकाचे नाव जाहीर झाले, 'द वाइल्ड बियाँड द विचलाइट'. ते २१ सप्टेंबरला निघणार होते. परी आणि ससा दोघांनाही त्यात स्थान होते. घुबडे वगळली गेली (ती त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या एका पुस्तकात प्रकटली, भाच्याने ते कित्येक आठवडे सर्वांना ऐकवले). चेटकिणी निघाल्या, पण तीन. सात बहिणी कुठेच नव्हत्या. आम्हांला सर्वांत भावले ते हे की, या साहसातला कोणताही प्रसंग तलवार न उपसता निभावता येतो, असे प्रकाशकांनीच सांगितले होते. म्हणजे पुन्हा घासाघीस, थापा आणि मनधरणी!

दुसऱ्या यादीत आमचे नाव होते. ओडिशा. चार आठवड्यांत रुजू व्हावे.

सामानाची बांधाबांध करण्याची आम्हांला सवय आहे. कन्येलाही ती आहे, असे आम्ही समजून चाललो होतो. निघण्यापूर्वी ती आम्हांला गावातून हिंडवत घेऊन गेली. एकशे आठ लिंगांच्या देवळात आम्ही आधीही गेलो होतो. पण तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथर देवळातले नायकांच्या काळचे धान्यकोठार आम्ही नीट पाहिले ते त्या दिवशी. विटांचे, वाटोळे, एखाद्या राक्षसाने आपली कणगी ठेवून जावी तसे. ती त्याच्याभोवती दोनदा फिरून आली. परतताना तिने विचारले, "बाबा, पापनाशम शिवन इथलेच ना?" आम्ही सांगितले की, हे थोर वाग्गेयकार १८९० साली नागपट्टिनमकडच्या पोलगम गावी जन्मले, शिक्षण त्रिवेंद्रमला झाले, इथे ते नंतर येऊन राहिले आणि हे गाव त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. "म्हणजे चालतं," ती म्हणाली. काय चालते, ते आम्ही विचारले नाही.

पुस्तक आले तेव्हा आम्ही ओडिशात होतो. बिऱ्हाडातली एकच गोष्ट बांधावी वा सोडावी लागली नव्हती. रविवारचा डाव होता तसाच पुढे चालू झाला. या साहसात एक जत्रा आहे. ती एकेका जगात आठ वर्षांतून एकदाच उतरते. पात्रे लहानपणी तिकिटावाचून तिच्यात शिरली होती, आणि तेव्हा प्रत्येकाचे काहीतरी चोरीस गेले, अशी एक सुरुवात पुस्तकात सुचविली आहे. कोणाचे हसू, कोणाचे दिशांचे भान. पुतण्याने एकेकाला विचारले, तुझे काय गेले? भाच्याने हसू सांगितले, भाचीने दिशा. कन्या जरा थांबली. आम्ही दाराआड होतो. ते आम्ही लपवीत नाही.

"गाव कुठलं असं कुणी विचारलं की लगेच सांगता येणं," ती म्हणाली. "ते माझं गेलं."

आम्हांला कोणी विचारले तर आम्ही सातारा म्हणतो. तिने सातारा चारदा पाहिला आहे. तिला कधी कोणी हा प्रश्न विचारला आणि ती अडखळली तर तिच्या वतीने आम्हीच उत्तर देत आलो. त्यात तिचे काही जात आहे हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

पलीकडे पुतण्याही क्षणभर गप्प झाला असावा. मग सूत्रधाराच्या आवाजात त्याने विचारले, "ते चोरून नेलं, ते कुठं ठेवलं असेल?"

"एक विटांचं वाटोळं कोठार आहे," ससा म्हणाला. "खूप मोठं. मी बाहेरून पाहिलंय."

त्यांचा डाव अजून संपलेला नाही. मुले आता कॉलेजात आहेत. महिन्यातून एखादा रविवार जमतो. पुस्तकात नसलेले ते कोठार पुतण्याने परीलोकाच्या नकाशावर काढून ठेवले आहे, आणि त्याच्या राखणीला त्याने सात बहिणी बसवल्या आहेत.