मनगट आणि चिमटा

सायकलीचें पुढचें चाक ज्यांत बसवितात त्या भागास दुकानदार चिमटा म्हणतात. तो दबता असला कीं त्याचा शॉकअप होतो. पन्नाशी ओलांडल्यावर आम्हांस हे शब्द शिकावे लागले याचें कारण आमचें उजवें मनगट. भाईंदरहून राई-मोर्वे मार्गें उत्तनच्या समुद्रापर्यंत दर रविवारीं सायकलीनें जाण्याचा आमचा परिपाठ. पण परत आलों कीं बोटांस मुंग्या येत, आणि सोमवारीं फळ्यापुढें हातांतला खडू गळे. डॉक्टरांनीं सायकल सोडा म्हटलें. घरांतूनहि तेंच मत पडलें. दहा हजार रुपयांत होईल तेवढा एक उपाय करून पाहावयाचा, मग सोडावयाची, असें आम्हीं ठरविलें.

दबता चिमटा ही मूळची मोटारसायकलीची चीज. 1990 सालीं कोलोरॅडोंतील डुरँगो येथें उतारावरील जागतिक शर्यत ग्रेग हर्बोल्ड रॉकशॉक्सच्या चिमट्यावर जिंकला, आणि डोंगरी सायकलीस तो हवासा झाला.

स्वस्तांत मिळतात ते बहुधा पोलादी स्प्रिंगचे. वजन अडीच किलोच्या घरांत. स्प्रिंग मध्यम वजनाच्या स्वाराचा हिशेब धरून घातलेली असते. वरची कळ फिरविली तर ती आधींपासून थोडी दाबली जाते, तिचा ताठरपणा तोच राहतो. आमचें वजन 54 किलो! आम्ही बसलों आहों हें त्या चिमट्यास कळेचना. दुकानदार मात्र हँडलावर आपला भरदार देह रेलून तो कसा दबतो हें पुनःपुन्हां दाखवी.

हवेच्या चिमट्यांत पंपानें दाब कमीअधिक करतां येतो. स्वार बसल्यावर तो आपल्या चालीच्या पंचमांश ते चतुर्थांश दबावा. म्हणजे 100 मिलिमीटरच्या चालीस 20 ते 25. नवा आमच्या ऐपतींत बसेना, म्हणून वापरलेला शोधूं लागलों. हँडलाकडे जाणारी नळीच येथें खरी अडचण. आमच्या जुन्या चौकटीस सरळ, 28.6 मिलिमीटरची नळी लागते. पुष्कळ नव्या चिमट्यांची खालीं दीड इंचापर्यंत रुंदावते. शिवाय पहिल्या मालकानें ती आपल्या मापानें कापलेली. आंखूड निघाली तर चिमटा फुकट मिळूनहि महागच. एका तरुणानें 140 मिलिमीटर चालीचा देऊं केला. पण आमची चौकट 100 साठीं आंखलेली. लांब चिमट्यानें पुढचा भाग उचलला जाऊन तिच्या गळ्यावर भलता ताण येतो. गळा तिचा तुटला असता, दांत आमचे.

अखेर ठाण्याच्या एका विद्यार्थ्याकडून, चिमट्याच्या पायांवर नख फिरवून ओरखडा नाहीं अशी खात्री केल्यावर, 7,500 रुपयांस व्यवहार झाला. रुंद टायर घालून हवा कमी ठेवण्याचा उपाय आम्ही आधींच करून चुकलों होतों. (ज्याचा खिसा याहून हलका असेल त्यानें तोच प्रथम करावा.)

दोन महिने झाले. मुंग्या पुरत्या गेल्या नाहींत, पण खडू हातांत राहतो. चिमट्याच्या पायावर एक रबरी कडें सरकवून ठेविलें आहे. चिमटा किती दबला तें त्यावरून कळतें. एरवीं तें मध्यावर सांपडतें. एका रविवारीं चौकच्या उतारावरून आलों तेव्हां तें थेट वर जाऊन टेकलें होतें. हें घरीं अद्याप कोणास ठाऊक नाहीं.