सव्वासहाच्या आत

उलव्यातील एका व्यापारी घरात यंदाच्या वैशाखात एक लहानसा वाद झाला. घरातील आक्का, वय वर्षे बासष्ट, एक पूर्ण दिवस मुंबईत एकट्या आणि पायी फिरणार होत्या. कुणाच्या लग्नाला नव्हे, कुणाला भेटायला नव्हे, दवाखान्यासाठी नव्हे आणि खरेदीसाठीही नव्हे. "मग कशासाठी?" असे मुलाने विचारले. आक्कांकडे त्याचे उत्तर नव्हते. निदान जेवणाच्या ताटावर सर्वांसमोर सांगण्याजोगे नव्हते.

जैन व्यापारी घरांतील स्त्रिया प्रवास करत नाहीत असे नाही. संघाबरोबर शिखरजीला जातात, श्रवणबेळगोळला जातात, बाळंतपणासाठी लेकीकडे जातात. पण त्यांच्या प्रत्येक प्रवासाच्या टोकाला कोणीतरी वाट पाहत असते. कारणाशिवाय आणि सोबतीशिवाय काढलेला दिवस मात्र आजही उधळपट्टीच्या खात्यावर पडतो. पुरुषांनी हीच गोष्ट केली, तर तिला बाजाराची फेरी म्हणतात.

आक्कांच्या यजमानांची अशीच फेरी असे. जयसिंगपुरात त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान होते आणि मालासाठी ते महिन्याकाठी मुंबईला येत. सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळेत उतरत, दिवसभर नागदेवी आणि लोहार चाळ पालथी घालत, आणि परत आल्यावर त्या गल्ल्यांच्या गोष्टी आठवडाभर पुरवून सांगत. पुढे उलव्यात इमारती उठू लागल्या तेव्हा मुलाने तेथे नळ, फरशा आणि स्वच्छतागृहाच्या सामानाचे दुकान टाकले आणि सारे कुटुंब इकडे आले. नागदेवी आता जवळ आली होती. तरीही आक्का तिथे कधी गेल्या नाहीत, कारण माल फोनवर मागवता येऊ लागला होता. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात यजमान गेले. मागे त्यांच्या हातची एक खरेदीची वही राहिली.

जयसिंगपूर हे आखून वसवलेले गाव. राजर्षी शाहू महाराजांनी पेठ वसवली, तिला वडिलांचे, जयसिंगराव घाटग्यांचे नाव दिले. गल्ल्या सरळ, त्यांना क्रमांक, आणि चालणाऱ्याला दहा मिनिटांत सारे गाव हाताशी. उलवेही आखलेलेच, सिडकोने. येथे गल्ल्यांच्या जागी सेक्टरांना क्रमांक आहेत. पण येथील रुंदी मोटारींसाठी मोजलेली आहे. झाडे अजून लहान आहेत आणि मे महिन्यात अकरानंतर रस्त्यावर सावलीचा तुकडा सापडणे कठीण होते. संध्याकाळची फेरी सोडली तर उलव्यात कोणी पायी जात नाही. जावे लागते तेव्हा जातात. ज्यांचे आयुष्य क्रमांकाच्या गल्ल्यांतून पायी हिंडण्यात गेले, त्या आक्कांना हे फार जाणवे.

मुलाने उपाय काढला होता. जानेवारी 2024 पासून अटल सेतू खुला आहे. उलव्यातून गाडीने त्यावर चढले की शिवडी अर्ध्या तासात. ड्रायव्हर हवे तिथे सोडेल, थांबेल, परत आणील. 21.8 किलोमीटरच्या त्या पुलावर दुचाकीलाही मज्जाव आहे, चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. आक्कांनी एवढेच म्हटले, "गाडी थांबली की मन गाडीपाशीच थांबतं." त्यांनी रेल्वे निवडली. खारकोपरपर्यंतची गाडी 2018 च्या नोव्हेंबरात सुरू झाली, पुढे उरणपर्यंत गेली; तिच्या फेऱ्या मात्र विरळ, एक चुकली की बराच वेळ फलाटावर बसावे लागते. म्हणून बेताची सुरुवात गाडीच्या वेळेपासून झाली.

नातीने उत्साहाने फोनवर चौदा ठिकाणांची यादी केली. चालण्याची अंतरे, लागणारी मिनिटे, सारे त्यात होते. आक्कांनी ती वाचली आणि वहीच्या मागच्या पानावर स्वतःची यादी सुरू केली, पण वेगळ्याच टोकाने. पहिली ओळ होती: पाणी, दीड लिटर. घरचे, गाळून उकळलेले. बाहेरचे त्या घेत नाहीत आणि खांद्याला त्याहून अधिक ओझे पेलवत नाही. म्हणजे दिवस दीड लिटरचा. दुसरी ओळ: स्वच्छतागृह कोठे कोठे. एकट्या स्त्रीच्या भ्रमंतीचा नकाशा खरे तर येथूनच काढावा लागतो. प्रवासाच्या पुस्तकांत याविषयी क्वचितच लिहिलेले असते. मोठे रेल्वेस्थानक आणि संग्रहालय ही दोन ठिकाणे त्यांनी निश्चित धरली. तिसरी ओळ: बारा ते चार छपराखाली. चौथी: सव्वासहाच्या आत जेवण. मेच्या मध्यास मुंबईत सूर्यास्त सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास होतो. त्याआधी दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे सोडायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.

या चार ओळी लिहून झाल्यावर चौदातील दहा ठिकाणे आपोआप गळाली. नातीला वाईट वाटले. "वाळकेश्वर पण नाही? गोडीजी पण नाही?" दर्शनाला घाईने जाणे आक्कांना रुचत नव्हते. पण त्यांनी हिराबागही खोडली, तेव्हा मुलगा प्रथमच गप्प झाला. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेऱ्यांनी वडिलांच्या नावे उभारलेली ती धर्मशाळा दक्षिणेकडच्या कित्येक दिगंबर व्यापाऱ्यांचे मुंबईतील पहिले घर. घरच्या माणसाच्या तोंडून तिचे जिने, तिचे ओटे आक्कांनी तीस वर्षे ऐकले होते. "तिथं जायचं तर त्या दिवशी फक्त तिथंच," त्या म्हणाल्या. उरल्या चार जागा: नागदेवी, फोर्टच्या कमानी, संग्रहालय आणि ओव्हल मैदान. उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ उतरत जाणारी चार किलोमीटरची वाट, आणि संपूर्ण दिवस हाताशी.

डब्याला दशम्या, दाण्याची चटणी, गूळ आणि दोन आंबे. उन्हात टिकेल तेच. पायांत रुळलेल्या चपला. रक्तदाबाची गोळी आणि मुलाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पिशवीच्या आतल्या कप्प्यात.

सूर्योदयानंतर दोन घटिका होऊ देऊन त्यांनी घरी थोडे खाल्ले आणि खारकोपरची गाडी धरली. नेरुळला हार्बरच्या गाडीत महिलांच्या डब्यात चौथी जागा मिळाली. वडाळ्यापर्यंत अर्धे शरीर जागेवर आणि अर्धे वाटेत, अशा बसण्यालाही मुंबईत जागा म्हणतात! मशीद स्थानकात त्या उतरल्या तेव्हा बाजार उघडायचा होता.

यजमान नेहमी सांगत, "नागदेवीत ऊन पडत नाही." आक्कांना ती व्यापाऱ्याची अतिशयोक्ती वाटे. ती अतिशयोक्ती नव्हती. गल्ली इतकी अरुंद आणि घरे इतकी उंच की सकाळचे ऊन वरच्या मजल्यांच्या सज्जांवरच अडून राहिले होते. खाली हमाल हातगाड्यांवर अजून झोपलेले. बंद शटरांवर बोल्ट, बेअरिंग, साखळ्या, पुली यांची नावे रंगवलेली. वहीत लिहिलेल्या पेढ्यांची दोन नावे त्यांना दिसली. त्या तिथे थांबल्या, पण उघडण्याची वाट पाहिली नाही. ओळख सांगितली असती तर चहा आला असता, हळहळ आली असती, आणि मग ही गल्ली त्यांची राहिली नसती.

जवळच्या एका पायरीवर त्या टेकल्या. हातगाडीवरचा एक जण जागा झाला. त्याने विचारले, "कुणाची वाट बघताय, आई?"

"कुणाचीच नाही."

त्याने मान हलवली आणि तोंड धुवायला गेला. दहाच्या सुमारास एकामागून एक शटरे वर गेली, त्यांचा तो खडखडाट ऐकून त्या उठल्या. जो आवाज यजमान जेवताना तोंडाने काढून दाखवत, तो हाच होता.

पुढची वाट रहदारीची. क्रॉफर्ड मार्केट, मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि तेथून दादाभाई नौरोजी मार्ग. साधू चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. मुंबईच्या पदपथांनी ती ईर्यासमिती गृहस्थांनाही सक्तीची केली आहे. पण नौरोजी मार्गाने मात्र चालणाऱ्याचा विचार केलेला दिसतो. 1860 च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना फोर्टचा तट पाडला गेला, रस्ता रुंद झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर इमारती उभ्या राहिल्या, त्या तळमजल्यावर सलग कमानी ठेवून. इमारतींचे मालक निरनिराळे, घडण निरनिराळी, परंतु सावली एकच, टर्मिनसपासून हुतात्मा चौकाच्या दिशेने जाणारी. कमानींखाली पुस्तके, घड्याळाचे पट्टे, चष्मे विकणाऱ्यांनी निम्मी वाट व्यापलेली असते. आक्कांना त्याचे काही वाटले नाही. बाजारातून चालण्यातच आयुष्य गेलेले. उन्हाचे अकरा वाजले होते आणि त्यांच्या डोक्यावर पदर घेण्याची वेळ अजून आली नव्हती. मोटारींचा जमाना येण्याआधीच्या लोकांना जी गोष्ट सुचली, ती उलव्याच्या रुंद रस्त्यांना का सुचू नये, हा प्रश्न नगररचनाकारांनी मेच्या दुपारी स्वतः चालून सोडवण्यासारखा आहे.

बारापूर्वी त्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात होत्या. 1922 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. नातीच्या यादीत त्यासाठी पंचेचाळीस मिनिटे होती. आक्का तिथे साडेतीन तास राहिल्या आणि त्यातला बराच वेळ एका कांस्यमूर्तीपाशी. नवव्या शतकाच्या आसपासची, श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती. जयसिंगपुराजवळच्या कुंभोजच्या बाहुबलीला त्या लहानपणापासून जात आल्या. तेथील 28 फुटांची संगमरवरी मूर्ती पाहताना मान वर करावी लागते. ही मात्र नजरेच्या उंचीवर. मांड्यांवर चढलेल्या वेलीचे एकेक पान मोजता येत होते. वर्षभर जागचा न हलणारा तो तपस्वी, आणि समोर सकाळपासून चालून पाय दुखलेली एक गृहिणी. अधूनमधून त्या बाकावर बसत, उठत, पुन्हा येत. कोणी "चला" म्हणणारे नव्हते.

चारनंतर ऊन उतरणीला लागल्यावर त्या ओव्हलकडे निघाल्या. मैदानाच्या एका अंगाला विद्यापीठ आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या अंगाला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरच्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती. 2018 मध्ये या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारशाचा मान मिळाला. मध्ये मुलांचे दहा-बारा क्रिकेटचे डाव एकमेकांत मिसळलेले. कडेच्या झाडाखाली आक्का बसल्या, राजाबाई टॉवर समोर दिसेल अशा. दिवसाच्या बेतात ही जागा त्यांनी सर्वांत आधी ठरवली होती.

280 फुटांचा हा मनोरा 1878 मध्ये पूर्ण झाला. कापसाचे राजे म्हणून नावाजलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी 1864 मध्ये 2 लाख रुपये दिले आणि त्याला आईचे, राजाबाईंचे नाव दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांसकट अर्धी मुंबई बुडाली. दान तेवढे आधीच बाहेर पडले होते, म्हणून उभे राहिले. व्यापाऱ्यांच्या घरांत ही गोष्ट या अंगानेही सांगितली जावी. पण नेहमी सांगतात ती वेगळी: राजाबाईंना दिसत नव्हते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम होता आणि दिवस किती उरला हे प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारावे लागे. मनोऱ्याचे टोले पडू लागले की विचारण्याची गरज उरणार नव्हती. या आख्यायिकेला कागदाचा आधार किती, हा इतिहासकारांचा प्रश्न. सून म्हणून, आई म्हणून दुसऱ्यांच्या वेळा सांभाळत आलेल्या कुठल्याही स्त्रीला ती पटते.

पावणेसहाचे टोले पडले तेव्हा आक्कांनी डबा उघडला. दशमी मऊ राहिली होती. आंबा कापायला सुरी आणायची राहिली, म्हणून त्यांनी तो लहान मुलीसारखा चोखून खाल्ला आणि हात शेवटच्या घोटभर पाण्यातल्या अर्ध्या पाण्याने धुतले. दीड लिटर बरोबर पुरले.

सहा वाजून दहा मिनिटांनी मुलाचा फोन आला. "आई, सव्वासहा होत आले. जेवलीस ना? मी मघापासून घड्याळ बघतोय."

"झालं जेवण," त्या म्हणाल्या. "इथं घड्याळ मोठं आहे."

परतीच्या गाडीत गर्दी होती. नेरुळला बदलताना गाडी चुकली आणि पुढच्या गाडीसाठी बराच वेळ फलाटावर बसावे लागले. पाय इतके दुखत होते की ते बसणे सोयीचेच झाले. खारकोपरला मुलगा स्कूटर घेऊन उभा होता. त्याने काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांच्या वहीत, त्यांच्याच पद्धतीने, मध्ये रेघ मारून हिशेब लिहिला. रेल्वे, जाऊन-येऊन. संग्रहालयाचे तिकीट. आंबे, घरचे. पाणी, घरचे. खाली बेरीज केली. मग पान उलटले, वर "हिराबाग" असे लिहिले आणि तारखेची जागा मोकळी ठेवली.