गिअरबॉक्स चढवताना

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं दुखणं सगळ्यात आधी त्याच्या तेलात दिसतं. चांगलं तेल लाल आणि पारदर्शक असतं. माझ्या पिकअपच्या डिपस्टिकवर आलं ते काळपट तपकिरी होतं, आणि त्याला करपल्याचा वास होता. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन नुसतंच चढ्या आवाजात फिरायचं, गाडीला वेग यायचा नाही. आतल्या क्लचच्या चकत्यांचं अस्तर झिजून तेलात उतरलं होतं. अशा वेळी तेल बदलून काही साधत नाही, गिअरबॉक्सच बदलावा लागतो.

गॅरेजने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला. पण इंजिन खणखणीत होतं, चेसिस भक्कम होती. अशी गाडी भंगारात घालणं मला पटेना. मी रीबिल्ट गिअरबॉक्स मागवला आणि तो घरच्या गॅरेजमध्ये स्वतः चढवायचं ठरवलं. विकणारा एक अनामत रक्कम घेतो. जुना गिअरबॉक्स नेऊन दिला की ती परत मिळते, कारण त्याचं कवच, शाफ्ट, गिअर पुढच्या कोणाच्या तरी गाडीत जायचे असतात. ही पद्धत मला फार आवडते.

मी मिशिगनमध्ये इप्सिलँटीला राहते. मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. १९३९ साली तो जाहीर झाला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून रस्त्यावर आला. १२ ऑगस्ट १९५३ ला लिव्होनियामधला त्याचा कारखाना आगीत जळून गेला, तेव्हा कंपनीने आमच्या गावाजवळचा विलो रनचा कारखाना ताब्यात घेतला. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने बी-२४ बॉम्बर विमानं बांधली ती याच छपराखाली. पुढे २०१० पर्यंत तिथे गिअरबॉक्स बनत राहिले. आमच्या शेजारच्या गृहस्थांची सारी नोकरी तिथेच झाली. मी काय करणार आहे हे कळल्यावर त्यांनी आपला गिअरबॉक्सचा जॅक आणून दिला आणि एकच गोष्ट बजावली: "कूलर धुतल्याशिवाय नवा गिअरबॉक्स जोडू नकोस."

त्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे आले होते. बाबांची हयात एसटीच्या डेपोत गेली. बसचा गिअरबॉक्स उतरवणं आणि चढवणं हे त्यांचं रोजचं काम. ऑटोमॅटिक मात्र त्यांनी कधी उघडा पाहिला नव्हता. कामाला हात घालण्याआधी त्यांनी चारही स्टँड स्वतः तपासले, चाकांना ठोकळे लावले आणि म्हणाले, "आता गाडी जोर लावून हलव. हलली तर तू खाली जायचं नाहीस." गाडी हलली नाही. मग मी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि गाडीखाली शिरले.

उतरवण्याच्या कामात खरा वैरी गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीखालच्या प्रत्येक बोल्टमध्ये शिरतं. एक्झॉस्टच्या बोल्टना मी आधीपासूनच गंज सोडवणारं तेल पाजत होते, त्यामुळे एकही तुटला नाही. प्रोपेलर शाफ्टवर खूण करून तो काढला, म्हणजे परत त्याच जागी बसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट खालच्या झाकणाच्या फटीतून एकावेळी एकच दिसतात, म्हणून पुढच्या बाजूने पाना लावून इंजिन थोडं थोडं फिरवत ते सोडवावे लागतात. बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला टेकणाऱ्या तोंडाच्या, वरच्या बोल्टपर्यंत तर हातच पोचत नाही. गिअरबॉक्सची मागची बाजू खाली झुकवायची आणि लांबलचक एक्स्टेन्शन लावून मागूनच पाना चालवायचा.

गिअरबॉक्स खाली आल्यावर बाबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "अगं, पण याची क्लच प्लेट कुठाय?"

मी त्यांना टॉर्क कन्व्हर्टर दाखवला. हर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली याच्या मूळ कल्पनेचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. इंजिनाबरोबर फिरणारी पाती तेल समोरच्या पात्यांवर फेकतात आणि त्या जोराने गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतो. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, त्यामुळे गाडी सुटताना ताकद वाढते. सिग्नलला गाडी थांबते तरी इंजिन बंद पडत नाही, कारण मध्ये फक्त तेल आहे. बाबा बराच वेळ तो जड डबा मांडीवर घेऊन बसले होते. "म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या पायाचं काम हे तेल करतं," ते म्हणाले. इतक्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं.

शेजाऱ्यांचा शब्द मी पाळला. गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरमधल्या कूलरमध्ये जातं आणि परत येतं. जुन्या गिअरबॉक्समधला कचरा तिथे आणि नळ्यांमध्ये साठून राहतो, आणि नवा जोडला की पहिल्या फेरीतच त्याच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. धुण्याचं द्रावण आणि हवा यांनी नळ्या स्वच्छ झाल्या. कूलरमधून मात्र काळे कण येतच राहिले. मी रेडिएटरच नवा घातला. या कामात जिथे पैसे वाचवू नयेत अशी ही जागा आहे.

सगळ्यात नाजूक काम कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसवण्याचं. आत साधारण लिटरभर तेल ओतायचं आणि त्याला हळूहळू फिरवत आत सरकवायचं. त्याला तीन ठिकाणी अडकायचं असतं: स्टेटरच्या आधाराचे दाते, शाफ्टचे दाते आणि तेलाच्या पंपाच्या खाचा. प्रत्येक वेळी तो थोडा आत उतरतो आणि ते हाताला कळतं. शेवटचा उतार राहून गेला तरी वरून सगळं ठीक दिसतं. मग बोल्ट आवळले की सारा जोर पंपावर येतो आणि नवाकोरा पंप इंजिन सुरू होण्याआधीच फुटतो. बाबांनी खालून भार तोलून धरला, मी फिरवत राहिले. दोन उतार लगेच मिळाले. पट्टी आडवी धरून खोली मोजली तर कमी भरली. "घाई नको," बाबा म्हणाले, "दाते आपणहून सापडू देत." आणखी थोडं फिरवल्यावर खट् असा आवाज झाला आणि तो आत गेला. माप जुळलं.

चढवताना सत्तरेक किलोचा तो गिअरबॉक्स साखळीने जॅकला बांधला आणि इंजिनाच्या तिरकेपणाशी जुळवत वर नेला. दोन्ही तोंडं हाताच्या जोरानेच एकमेकांना चिकटली पाहिजेत. बोल्ट आवळून त्यांना ओढून आणायचं नाही. गाइड पिना आत गेल्या, तोंडं टेकली, तेव्हा बोल्टचे आटे आधी बोटांनी लावले आणि मग टॉर्क रेंच घेतला. कन्व्हर्टर आणि तो ज्या चकतीला जोडायचा ती इंजिनाची फ्लेक्सप्लेट यांच्यात काही मिलिमीटर फट उरली होती आणि कन्व्हर्टर बोटांनी मोकळा फिरत होता. तेल भरलं, इंजिन सुरू करून लगेच आणखी भरलं, ब्रेक दाबून प्रत्येक गिअर टाकून पाहिला आणि इंजिन गरम झाल्यावर, ते चालू असतानाच, पातळी बघितली.

आज ती पिकअप रोज चालते. दुसऱ्यातून तिसरा गिअर कधी पडला ते कळतही नाही. हे काम घरी काढायचं तुमच्या मनात असेल तर जरूर काढा, पण भरवसा स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. आणि बेलहाउसिंगचा पहिला बोल्ट आवळण्याआधी कन्व्हर्टर हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर गिअरबॉक्स मागे घ्या आणि पुन्हा बसवा.