पाण्याला वाट

पावसाळा सरला की जुन्या गाडीचा मालक एक काम न चुकता करतो. गाडीभोवती सावकाश फिरतो, दाराच्या खालच्या काठावरून बोट नेतो, मडगार्डच्या कमानीत हात घालतो, डिकीतली चटई उचलून हुंगतो. डोळ्यांना रंग गुळगुळीतच दिसत असतो. बोटाला मात्र कुठेतरी मुगाच्या दाण्याएवढा फुगवटा लागतो. नख लावलं की रंगाचा पापुद्रा सुटतो, तांबडी भुकटी सांडते, आणि भुकटीमागे पत्राच नसतो.

असा फुगवटा दिसला की वाटतं, रंगाला कधीतरी ओरखडा गेला असेल आणि तिथून गंज आत शिरला असेल. कधी कधी तसं होतंही. पण दारांच्या आणि मडगार्डच्या खालच्या काठांवर बहुतेक वेळा उलटा प्रवास झालेला असतो. पाणी आतल्या बाजूला साचतं आणि पत्रा तिकडूनच झिजत येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे शेवटी तो रंगाला उचलतो. आपल्याला पहिली खूण दिसते तेव्हा पत्र्याची गोष्ट संपत आलेली असते.

माझी गाडी पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. पुढे तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. कागदोपत्री नाव काहीही असो, लोकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचं आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. घरगुती पद्मिनी उरल्या आहेत त्या पुनर्नोंदणी करत, पत्रे सांधत. इटलीत आखलेलं हे शरीर जन्मभर अरबी समुद्राची खारी हवा खात आलं. गंजणं हा मुळात विजेचा खेळ, आणि मीठ विरघळलेलं पाणी वीज चांगली वाहून नेतं. त्यामुळे किनाऱ्यावर तो खेळ रंगतो. त्यात त्या पत्र्याला जस्ताचा थरही नव्हता.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचं शरीर हाच सांगाडा. दारांखालून जाणारी पोकळ पेटी सडली तर गाडीची कंबरच खचते आणि दारं नीट लागेनाशी होतात. ते दुखणं गंभीर. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला पडलेली बारीक भोकं त्या मानाने किरकोळ, पण गाडीत काय चाललंय ते तीच आधी सांगतात.

काचेच्या कडेची पट्टी कितीही चांगली असली तरी पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतंच. गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दाराच्या तळाशी लहान भोकं ठेवली. वरून आलेलं पाणी खालून निघून जावं. पुढे त्या भोकांत धूळ बसते, गुलमोहराची पानं कुजतात, पट्टीचे केस गुंततात, आणि एखादा घाईतला पेंटर सगळ्यावरून रंगाचा जाड हात मारून जातो. मग पाणी दारातच मुक्काम करतं. कारखान्याने ठेवलेली भोकं बुजतात, म्हणून नको तिथे भोकं पडतात.

केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात याचं मर्म एका थेंबात दाखवलं. लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मध्यभागी पोचत नाही, आणि लोखंड झिजतं ते मध्यभागी. तिथून विरघळलेलं लोखंड कडेकडे येतं, वाटेत त्याला प्राणवायू गाठतो आणि गंजाचं कडं उमटतं. दाराच्या तळाशी बसलेल्या ओल्या मातीचा न्यायही हाच. ती हवा अडवते आणि तिच्याखालचा पत्रा आधी जातो. म्हणून जाणता मिस्त्री तांबडं दिसतं तेवढ्यावर थांबत नाही. माती खरवडतो आणि जिथे काही दिसत नाही तिथेच टोच्या लावून बघतो.

आमच्या मिस्त्रींनी दार खाली उतरवून दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं, आतून हात फिरवला आणि विचारलं, “साहेब, पुट्टी मारून देऊ, की काम करू?”

या व्यवसायातले हे दोन वेगळे रस्ते आहेत. पुट्टी मारायची म्हणजे भोकामागे जाळी किंवा चिकटपट्टी लावायची, वर पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासायची आणि रंग द्यायचा. संध्याकाळी गाडी घरी. पण पुट्टी ओल धरते. मागचा गंज तसाच असतो, त्याला आता ओल घरपोच मिळते. पुढच्या पावसाळ्यानंतर फुगवटा परत येतो, बहुधा दुप्पट होऊन. जुनी गाडी बघायला येणारा मुरलेला गिऱ्हाईक रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दारावरून फिरवतो ते याचसाठी. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली लोखंड नाही.

“काम करा,” म्हटलं.

मग भोक आधी मोठं झालं. तारेच्या ब्रशचं चाक फिरू लागलं तसा वाटाण्याएवढा डाग रुपयाएवढा झाला आणि शेजारी चाळणीसारखी बारीक छिद्रं उघडी पडली. इथे खरी पारख लागते: कापायचं कुठवर? मिस्त्री हातोडीच्या टोकाने हलके ठोकत गेले. शाबूत पत्रा खणखणतो, आतून गेलेला बद्द वाजतो. बद्द आवाज जिथे संपला तिथे त्यांनी खडूची रेघ ओढली आणि तिच्या थोडं पलीकडे दुसरी. अख्खा तळ कापून नवा पत्रा बसवणं सोपं गेलं असतं. पण कुर्ल्याहून निघालेला पत्रा आता नव्याने होणार नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुनी, मूळ रूप राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि १९७४ च्या पद्मिनींनी आता ते वय गाठलं आहे. नियमांचं सोडा, जे शाबूत आहे ते कापू नये, एवढी साधी नीती पुरेशी आहे.

मोठ्या भोकाला ठिगळ लागलं. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा तुकडा, कोपरे गोल केलेला, कानस मारून भोकात काठाला काठ बसवलेला. मग सीओटू वेल्डिंगचा एक टाका इकडे, दुसरा पार समोरच्या बाजूला. सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने पत्रा ताणतो. मग बोटाने दाबला की टपकन आत जातो, सोडला की बाहेर येतो, आणि तो दोष कुठल्याच रंगाने झाकत नाही. प्रत्येक टाक्यानंतर मिस्त्री तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघत आणि निवेपर्यंत थांबत. “घाई केली की पत्रा रुसतो,” एवढंच म्हणाले. बारीक छिद्रांना ठिगळ नव्हतं. मागे तांब्याची जाड पट्टी धरली आणि पुढून वेल्डिंगचा थेंब सोडला. तांबं उष्णता झटकन ओढून घेतं, त्यामुळे वितळलेलं लोखंड त्याला चिकटत नाही, भोकातच गोठतं. पट्टी काढली की मागची बाजू सपाट.

जिथे चाक पोचत नाही अशा दुमडीत त्यांनी ब्रशने एक पातळ द्रव लावला. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं. ते उरलेल्या गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं आणि तो थर पुढच्या गंजाला अडवतो. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उभा आहे, त्याचं श्रेयही बरंचसं फॉस्फरसलाच. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं, की त्या लोखंडात तो भरपूर असल्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर धरला आहे. मेहरौलीत जे शतकांनी केलं, ते इथे बाटलीतून करायचा प्रयत्न.

मग रेड ऑक्साइडचा हात. या प्रायमरचा लाल रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाचा जवळचा नातलग. कोकणातला जांभा ज्याने लाल दिसतो तेच हे. पूर्ण ऑक्साइड झालेल्या लोखंडाला आणखी गंजण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून ते भुकटी होऊन निमूट रंगात राहतं. वर जागा सपाट करायला तेवढी कागदाएवढी पुट्टी, वॉटर पेपर, मग रंग.

रंगाच्या आधी मात्र मिस्त्रींनी एक तार घेतली आणि दाराच्या तळाची मूळ भोकं एकेक करून कोरली. दार उभं धरून वरच्या फटीतून मगभर पाणी ओतलं आणि खाली वाकून बघत राहिले. एका भोकातून पाणी येईना, तेव्हा पुन्हा तार घातली. सगळीकडून धार लागल्यावर दार वाळवून रंगाला गेलं.

कुर्ल्याजवळूनच मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याच्या वाटा बुजवल्यावर काय होतं ते या शहराने छातीएवढ्या पाण्यात उभं राहून पाहिलं. तरी दरवर्षी मे महिन्यात नालेसफाई हा वादाचाच विषय असतो, कारण साफ नाला कुणाच्या नजरेत भरत नाही. गाडीचंही तसंच. रंगाच्या झळाळीवर चार लोक बोलतात, पेंटरला शाबासकी मिळते. तारेच्या तुकड्याने दर मे अखेर भोकं मोकळी करायला पैसा लागत नाही, म्हणून त्याची किंमतही कुणी करत नाही. पाणी अडवण्याच्या भानगडीत मी पडत नाही, मुंबईत ते जमायचंही नाही. कुणी हौसेने आपली जुनी गाडी दाखवायला आणली, की मी आधी गुडघे टेकून दाराखालून पाहतो. रंग कुठल्या दुकानातून घेतला ते नंतर विचारता येतं.