कागदावरची शंभर

११ जून २०२२, भामरागड
तेंदूचा हंगाम संपला की इथे जुन्या गाड्या विकायला निघतात. हाती रोख आलेला माणूस नवी घेतो, जुनी दुसऱ्याच्या गळ्यात पडते. माझ्या गळ्यात पडली ती यामाहा आरएक्स. टाकीवर १००चं स्टिकर, बाजूच्या झाकणावर १३५चं. आरसीत ९८ सीसी. नंबर एमएच-३४, म्हणजे मूळ चंद्रपूरची. स्टिकर कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, त्याच्या शब्दाला काय किंमत! २०१९च्या पुरात गाडी दोन दिवस पाण्यात होती, हे विकणाऱ्याने आपणहून सांगितलं. मडगार्डच्या पोटात पर्लकोटा नदीचा गाळ अजून आहे. आज तो खरवडण्यातच संध्याकाळ झाली.

१४ जून
हँडलच्या मानेवरचा रंग थिनरने काढला. चेसिस नंबर १एल१ने सुरू होतो, इंजिनच्या केसवरचाही तसाच. दोन्ही आरसीशी जुळले. १एल१ म्हणजे आरएक्स १००. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवत गिअर मोजले, चार भरले. १००ला चारच असतात; पाच गिअर १३५च्या नंतरच्या गाड्यांत आले. म्हणजे खालचं इंजिन अस्सल. तरी विकणारा सांगत होता की मेडपल्लीच्या चढावर तिघं बसले तरी ती दुसऱ्यात उतरत नाही. ९८ सीसीचं हे काम नव्हे.

१९ जून
मिस्त्रींनी हेड उघडलं. काजळी पुसताच पिस्टनच्या माथ्यावर १०० हा आकडा दिसला.
“शंभर लिवलं आहे ना जी सर, मंग शंभरच,” हाताखालचं पोरगं म्हणालं.
“थांब बे. व्हर्निअर आण,” मिस्त्री म्हणाले.
बोअर ५९ मिलिमीटर! आरएक्स १००चा बोअर ५०, १३५चा ५८. पिस्टनवरचा १०० म्हणजे सीसी नव्हे, ओव्हरसाइजचा आकडा: मूळ मापापेक्षा पूर्ण एक मिलिमीटर मोठा. ५८ अधिक १. ब्लॉक १३५चा, आणि त्यालाही बोअर मारत मारत शेवटच्या मापापर्यंत आणलेला.
हे जमतं कारण दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक एकच आहे, ५० मिलिमीटर. त्यामुळे पिस्टनची चाल मोजून काही कळलं नसतं. घरी येऊन गणित केलं: ५० बोअरला ९८ सीसी, ५८ला १३२, आणि आमच्या या ५९ला जवळपास १३७. कारखान्याने असं इंजिन कधी काढलं नाही.

२० जून
ब्लॉकवर नोंदणीचा नंबर नसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत फेरफार करू नका म्हणतं, पण तपासणारा चेसिस आणि केस पाहणार, आणि तिथे सगळं सरळ आहे. इतकी बेमालूम चोरी मला थोडी आवडलीच.
परत ५०चा ब्लॉक बसवावा म्हटलं, तर मिस्त्रींनी केसच्या तोंडाकडे बोट दाखवलं. मोठा ब्लॉक आत उतरावा म्हणून तोंड लेथवर कातलेलं. आता बारका ब्लॉक तिथे धरणार नाही. केस बदलला तर इंजिनचा नंबर जातो. म्हणजे कागदावर शंभर राहायचं असेल तर प्रत्यक्षात १३५च ठेवावी लागणार!

२६ जून
बाकीच्या उचापतींची छाननी. सायलेन्सरचं शेपूट वर वळवलेलं, एअर फिल्टरचं तोंड सायकलच्या ट्यूबने सीटखाली उंच नेलेलं. नाल्यातून गाडी काढणाऱ्याचं हे काम, त्याला हात लावायचा नाही. मागे ३.००-१८चा जाड टायर आणि तांदळाच्या कट्ट्यासाठी लोखंडी कॅरिअर, तेही राहील. तेलाचा पंप काढून तिथे पत्री ठोकलेली, आणि तेलाच्या टाकीत पाने-पकडी. पंप बंद पडल्याचं चालवणाऱ्याला पिस्टन जाम झाल्यावरच कळतं, त्यापेक्षा पेट्रोलमध्ये हाताने तेल ओतलेलं मला बरं वाटतं.
सायलेन्सरची जाळी मात्र कुणीतरी आवाजासाठी उपटली आहे. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्यातून उलट येणारा दाब सिलिंडरबाहेर निसटणारं ताजं मिश्रण परत आत ढकलतो. जाळी काढून पेट्रोल जाळायचं आणि त्याला पिकअप म्हणायचं! ती परत बसेल.

२ जुलै
क्रँक उघडला. पुराचा खरा मार इथे आहे. बेअरिंगमध्ये बारीक रेती, दोन्ही ऑइल सील कडक झालेले. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हवाबंद हवा. मॅग्नेटकडचं सील गळलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून धरतो. क्लचकडचं गळलं तर गिअरचं तेल ओढून पांढरा धूर. आमची दोन्हीकडून गळत होती, तरी चालत होती.
ब्लॉक स्लीव्ह टाकून ५८वर आणायला चंद्रपूरला पाठवला. बेअरिंग, सील, पिस्टन नागपूरहून.

१२ जुलै
पर्लकोटेच्या पुलावर पाणी. पलीकडे हेमलकसा, अलीकडे आम्ही. वीज नाही, फोन नाही. आमची खोकी आलापल्लीला अडकली असावीत. मिस्त्रींनी दुकानातलं सगळं सामान माळ्यावर चढवलं. माझा केस दोरीने आढ्याला बांधला, वर पॉलिथिन.

२१ जुलै
सामान आलं. पिस्टनच्या माथ्यावर या वेळी ओव्हरसाइजचा कुठलाच आकडा नाही. रिंगांचा गॅप फीलर गेजने पाहिला, पोरग्यालाच पाहू दिला.

२३ जुलै
चौथ्या किकला सुरू. धूर निळसर, थोडा जास्त, पण नव्या रिंगांना तो हवाच. लिटरला चाळीस मिलि तेल, पहिले पाचशे किलोमीटर वेग चाळीसच्या वर नाही, डबल सीट नाही. आरटीओत ९८चे १३२ करून मिळतील का, हे विचारायला गडचिरोलीला जायचं आहे. तिथे मात्र एसटीने जाणार.